खालचं बटण, वरचं बटण

धनुबाई : हात नको लावू त्याले! आधी पाय धुई ये.

भटू : माय, पाकीट आहे ते. नैवेद्य नाही.

धनुबाई : देव्हारामा शे ना? मंग देवनं शे. सकाळपासून ठेयेल शे तठे. पोस्टमन म्हने, मुंबईनं शे, सरकारी शे. मी हळद-कुकू लाई दिधं.

भटू : कुठं लावलंस?

धनुबाई : वर तो राजा शे ना बारीकसा, त्याना कपाळले.

भटू : तिकिटावरच्या राजाला कुंकू लावलंस?

धनुबाई : मंग? पाव्हना घरमा उना, त्यानं कपाळ काय रिकामं ठेवू? आनि तू हाई शहरी बोलनं बंद कर. दोन वरीस नंदुरबारले ऱ्हायना, तर मायना संगे किताबनं मराठी बोलस!

हिंमतराव : बास. दोघंही गप्प. भटू, बैस इथं माझ्यासमोर. पाकिटाला कोणी हात लावायचा नाही. आधी जबानी होईल.

भटू : कसली जबानी, आबा?

हिंमतराव : तुझी! सव्वा महिना झाला तुला सुरतेहून येऊन. वायरमनची परीक्षा देऊन आलास की सुरतेची घारी खाऊन आलास, देव जाणे. गाव विचारतं, पाटील, पोरगा पास का? मी काय सांगू? तू तर मिठाची गुळणी धरून बसलाय.

भटू : पाकीट फोडलं की कळेलच ना सगळं.

हिंमतराव : कळेल. पण तेवीस वर्षं मी ह्या रनाळ्याची पोलीस पाटीलकी करतोय. निकाल ऐकायच्या आधी मी जबानी घेतो. बाहेर ओट्यावर कोण बसलंय, दिसतंय का?

भटू : डोंगरसिंग.

हिंमतराव : का बसलाय?

भटू : परवा आखाजीचा सण आहे म्हणून.

हिंमतराव : बरोबर. आखाजीला सालदाराचं साल ठरतं. तू पास असशील तर नांगराला मला माणूस लागेल. मी डोंगरसिंगाला सालभर ठेवतो, आणि तू जा नंदुरबारला, शांतीलालशेठच्या कापसाच्या जिनात बत्त्या लाव. शेठचा निरोप आलाय, वायरमनचं परमिट असेल तर ये, नसेल तर दुसरा बघतो. आणि नापास असशील तर डोंगरसिंग जाईल धानोऱ्याला आणि नांगरामागं तू. पुन्हा ह्या घरात वायर-बियरचं नाव काढायचं नाही. असंच ठरलं होतं ना?

भटू : असंच.

धनुबाई : जबानी कसानी वं! ह्या सोताच घाबरेल शेतस. पाकीट फोडानं टाळतस म्हनीसन जबानी.

हिंमतराव : मी? घाबरलोय? चोर, दरोडेखोर, सारंगखेड्याच्या जत्रेतले घोडे पळवणारे, सगळे ह्या ओट्यावर बसवले मी. चल, सुरू कर. गाडीतून उतरलास तिथपासून.

भटू : सुरतेला सकाळी उतरलो. मोठी खोली, टेबलं मांडलेली, आम्ही एकोणीस जण. साहेब पारशी होता. कोट पांढरा, मिशाही पांढऱ्या. आधी तोंडी परीक्षा.

धनुबाई : तोंड धोयेल व्हतं ना?

भटू : धुतलं होतं, माय! पहिलाच सवाल, माणूस करंटला चिकटला तर आधी काय कराल?

हिंमतराव : काय करायचं असतं?

भटू : मेन बटण बंद करायचं. मगच त्याला हात लावायचा.

हिंमतराव : तेच सांगितलंस ना?

भटू : नाही.

हिंमतराव : मग काय सांगितलंस?

भटू : मी म्हटलं, साहेब, आधी त्याच्या आईला धरीन.

हिंमतराव : कोणाच्या आईला?

भटू : चिकटलेल्याच्या! खरं तेच बोललो, आबा. रनाळ्यात माणूस चिकटला तर काय होईल? आधी त्याची माय धावत येईल आणि मिठी मारील. ती चिकटली. तिला ओढायला मावशी, मावशीला ओढायला काकू. मी मेन बटणापर्यंत पोचेतो अख्खी आळी चिकटलेली!

धनुबाई : मंग? पोर मरी ऱ्हायना आनि माय काय पाहत ऱ्हाई? मी तर मिठी मारसूच!

भटू : बघा, आबा! मी हिलाच डोळ्यांपुढं धरून बोललो.

हिंमतराव : साहेब काय म्हणाला?

भटू : चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, ‘ने पछी?’ आणि मग? मी म्हटलं, मग मेन बंद करीन, साहेब. त्यानं मान हलवली. बरी हलवली की वाईट, कळलं नाही.

हिंमतराव : पुढं.

भटू : पुढं हातकाम. प्रत्येकाला एक फळी, दोन बटणं, एक होल्डर, एक बत्ती. तासाभरात जिन्याचा दिवा करून दाखवा.

हिंमतराव : जिन्याचा? तोच, ज्याच्यापायी तू माझ्या घराचं जाळं करून टाकलं होतंस?

भटू : तोच. खालचं बटण दाबलं तरी दिवा लागला-विझला पाहिजे आणि वरचं दाबलं तरी.

हिंमतराव : तीन महिने! तीन महिने वायर म्हणून माझ्या जिन्याला दोरे! कठड्याला दोरा, खुंटीला दोरा, आणि बत्ती म्हणून मधोमध पितळी लोटा टांगलेला. एकदा मी निजायला माडीवर निघालो, तर मी वर पोचलो आणि फेटा खालीच राहिला.

धनुबाई : आनि लोटा डोकावर पडना. टन्नकन! मन्हं झोपमासून हासू फुटनं.

हिंमतराव : तो मुद्दा नाही.

धनुबाई : मुद्दा कसा नही? सतरा पायऱ्या शेतस. सून रोज खाले कंदील धरीसन उभी ऱ्हास. तुमी वर पोचतस, खाकरतस, मंग ती जास. त्या दिन लोटा पडना, तुमी राग राग खाकरानं इसरी ग्यात. ती बिचारी अर्धा तास तठेच उभी! मी उठीसन पाह्यं तवय घरमा उनी.

हिंमतराव : मला काय ठाऊक? सांगायचं नाही का तिनं?

धनुबाई : कोनले सांगी? सासराना पुढे सून बोलस का आपला घरमा? तुमन्या मायनीच रीत शे ही.

हिंमतराव : बरं, बरं. भटू, तू का थांबलास? हातकाम!

भटू : आबा, सगळं येत होतं मला. डोळे बांधून केलं असतं. पण तिथं वायरी दोनच रंगांच्या होत्या. लाल आणि काळी.

हिंमतराव : मग?

भटू : पिवळी नव्हती.

हिंमतराव : पिवळी कशाला लागते?

भटू : लागतच नाही! उभ्या मुंबई इलाख्यात कोणालाच लागत नाही, फक्त आपल्या घरात लागते! वीज जाते ती लाल, परत येते ती काळी. नंदुरबारच्या रूपचंद मिस्त्रीनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी घरी सराव करायला लाल दोरा आणला, काळा दोरा आणला. काळा कोणी फेकला?

धनुबाई : मी फेका. आनि पुन्हा फेकसू! पाच वरीसमा पहिलांदा सूनले दिवस गयात, आनि तू घरमा आडवा काळा दोरा बांधस? तिले वलांडीसन जानं पडे, चुल्हाकडे जाता, पानीले जाता!

भटू : आणि त्याच्या जागी काय दिलंस?

धनुबाई : हळदमा बुडायेल दोरा दिधा. चांगला पिवळाधम्मक!

भटू : ऐकलंत? तीन महिने बोटांना तीच सवय. लाल गेली, पिवळी आली. लाल गेली, पिवळी आली. तिथं सुरतेला डोकं सांगत होतं, भटू, काळी उचल. हात उचलेचना! काळ्या वायरीपाशी गेला की माघारी. वाटायचं, आता माय ओरडणार.

हिंमतराव : अरे, पण माय इथं रनाळ्याला!

भटू : हाताला काय ठाऊक? शेजारी बडोद्याचा एक जण होता, होल्डर बसवून शीळ घालत बसला. अर्धा तास गेला माझा. साहेब आला, ‘शुं थयुं?’ काय झालं? मी म्हटलं, साहेब, पिवळी वायर मिळेल का?

हिंमतराव : मागितलीस?

भटू : मागितली. तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, अशी वायर येतच नाही.

हिंमतराव : झालं. डोंगरसिंगाला सांगतो, जा बाबा धानोऱ्याला.

भटू : थांबा ना, आबा! जबानी अर्धी सोडतात का? मी कपाळावर हात मारून घेतला. आणि हात कपाळावर नेला तेव्हा मनगट दिसलं. निघताना तिनं दोरा बांधला होता. हळदीचाच. उरलेल्यातला.

धनुबाई : कोननी?

भटू : तिनं.

धनुबाई : ती म्हनजे कोन?

भटू : तुझ्या सुनेनं, माय! दातानं तोडला तो दोरा. चार तुकडे केले, आणि काळ्या वायरीच्या टोकाटोकाला बांधून टाकले. झाली पिवळी! मग काय, हात असा सुटला म्हणता! खालचं बटण, वरचं बटण, होल्डर, बत्ती, बारा मिनिटांत काम तयार. बडोदेवाल्याची शीळच बंद.

धनुबाई : दखा! मन्ही हळद कामले उनी!

भटू : साहेबानं खालचं बटण दाबलं. लागली! वरचं दाबलं. विझली! पुन्हा वरचं, लागली! खालचं, विझली! माझं काळीज बत्तीच्या जोडीनं लागत-विझत होतं.

हिंमतराव : म्हणजे पास!

भटू : मग त्यानं खाली वाकून बघितलं.

हिंमतराव : कशाला वाकायचं ते?

भटू : दोरे दिसले त्याला. ‘आ शुं छे?’ मी सांगितलं. घरी बायकोला दिवस गेलेत, काळा दोरा चालत नाही, हळद आईची...

हिंमतराव : अरे, घरातली गोष्ट परक्या साहेबापुढं?

भटू : तोही जबानीच घेत होता, आबा. तुमच्यासारखीच, डोळे बारीक करून. मग त्यानं विचारलं, हा दोन बटणांचा मेळ तुला कोणी शिकवला? तुझ्या मिस्त्रीनं?

हिंमतराव : रूपचंदनंच ना? दोन वर्षं तू त्याच्या शिड्या धरल्यास.

भटू : रूपचंद मिस्त्रीनं तीनदा शिकवलं, तीनदा डोक्यावरून गेलं. मी म्हटलं, साहेब, बायकोनं शिकवलं.

हिंमतराव : काय?

भटू : बायकोनं.

हिंमतराव : सुरतेला? एकोणीस जणांच्या देखत? पाटलाच्या पोरानं सांगितलं, बायकोनं शिकवलं?

भटू : खोटं कसं सांगू? आठवतंय, मी चिडून सगळे दोरे ओरबाडून काढले होते? माय, तू मळ्यात होतीस. तिनं ते उचलले, सोडवले, आणि म्हणाली, दोन खुंट्यांच्या मधे एक दोरा नका ओढू. दोन ओढा. दोन वाटा ठेवा. दोघं एका वाटेवर असले की दिवा लागतो. मग खालच्यानं वाट बदलली तर विझतो, वरच्यानं बदलली तरी विझतो. बस! मिस्त्रीला जे तीनदा जमलं नाही ते तिनं चूल पेटायच्या आत समजावलं.

धनुबाई : कसं नही समजाई? घरन्या सगळ्या सुतळीन्या बाजा कोन इनस? तीच! दोरानं तिले बराबर कळस.

हिंमतराव : सूनबाईनं... बरं. मग साहेब?

भटू : अठरा जण हसले. साहेब नाही हसला. त्यानं लाल शाईचा टाक उचलला आणि माझ्या कागदावर लिहायला लागला. बाकीच्यांच्या कागदावर एकेक शब्द. माझ्या कागदावर पाच ओळी, आबा. लाल शाईच्या पाच ओळी म्हणजे काय, हे मला मराठी शाळेपासून ठाऊक आहे. म्हणून बोललो नाही सव्वा महिना. तुम्हाला कसं सांगू, की परीक्षा हळदीच्या दोऱ्यानं बुडाली?

धनुबाई : मन्हा दोरावरी?

भटू : तुझा काय दोष, माय. तू आपली काळजीपोटी...

धनुबाई : आते मी काय करू वं? पाटील, काहीतरी बोला ना!

हिंमतराव : पाकीट आण.

भटू : तुम्हीच फोडा, आबा.

हिंमतराव : माझा चष्मा सापडत नाही.

धनुबाई : कपाळवर शे तुमना!

हिंमतराव : ठाऊक आहे मला! भटू, फोड तू. घाई नको करू. नाही, घाई कर!

धनुबाई : थांब रे! दारमागून सून काय म्हनस... काय वं कमल? हां. ती म्हनस, राजानं डोकं फाडू नका, बाजूले फाडा.

भटू : बाजूलाच फाडतोय. कागद आहे एक. जाड आहे. इंग्रजी.

हिंमतराव : वाच!

भटू : वायर... मन... परमिट. भटू हिंमतराव पाटील. मुक्काम रनाळे...

हिंमतराव : पत्ता ठाऊक आहे मला, तिथंच बसलोय! पास की नापास?

भटू : पास असं कुठं लिहिलेलंच नाही.

धनुबाई : अरे देवा!

भटू : नापास असंही लिहिलेलं नाही. शिक्का आहे. सही आहे. नंबर आहे... आबा.

हिंमतराव : काय?

भटू : आबा, हेच परमिट आहे! नापासाला कोण परमिट पाठवील? हेच ते! माझं नाव, माझा नंबर! माय, मी वायरमन झालो!

धनुबाई : भटू! खाले ठेव माले! अरे, पडसू ना मी! कंबर मोडी मन्ही! पाटील, सांगा ना त्याले!

हिंमतराव : डोंगरसिंग! ए डोंगरसिंग! साल पक्कं! परवापासून बैल तुझे! नाही, बैल माझेच, नांगर तुझा! अरे, हसतो काय, तुला काय कळलं? सगळी जबानी ऐकली? बरं, मग गावात जाऊन सांग! नको, मीच सांगतो, फेटा कुठाय माझा?

धनुबाई : आते बी खालेच ऱ्हायना का?

भटू : थांबा, थांबा! पाकिटात अजून एक चिठ्ठी आहे. लाल शाई!

हिंमतराव : मेलो. परत मागतात की काय?

भटू : साहेबाच्या हातची आहे. गुजराती. ‘काम चोख. सगळ्या एकोणिसांत चोख. पण पुढं वायरीला दोरा बांधायचा नाही, जळतो. काळ्या वायरीशी दोस्ती करावी...’

धनुबाई : पोर होई जाऊ दे, मंग कर दोस्ती.

भटू : ‘...आणि ज्यांनी हा मेळ शिकवला, त्यांना माझा सलाम पोचवावा.’

हिंमतराव : काय? पुन्हा वाच.

भटू : ‘ज्यांनी शिकवला, त्यांना माझा सलाम पोचवावा.’

धनुबाई : ऐकं का वं कमल? साहेबनी तुले सलाम धाडा! अरे, ती तर पदर तोंडमा धरीसन हासी ऱ्हायनी. का रडी ऱ्हायनी, दिसत नही बराबर.

भटू : माय, मी जातो आत, सांगतो तिला.

हिंमतराव : तू बैस. सरकारी सलाम आहे. गावात सरकारचं काही आलं तर पोचवायचं काम पाटलाचं. सूनबाई! सूनबाई, सुरतेच्या साहेबानं तुला सलाम सांगितलाय. आणि... आणि माझाही धर त्यात.

धनुबाई : ती मान हालावस.

हिंमतराव : मान हलवून भागायचं नाही. सगळ्यांची जबानी झाली, तिची राहिली. सूनबाई, एवढंच सांग. मिस्त्रीला समजावता आलं नाही, पोराला कळलं नाही, ते दोन बटणांचं तुला सुचलं कसं?

धनुबाई : मी सांगस ना, ती माले म्हने...

हिंमतराव : तू नाही. ती सांगेल. माझ्या आईची रीत माझ्या आईबरोबर गेली. बोल, पोरी.

(आतल्या दाराची कडी वाजते.)

कमल : रोज कंदील धरीसन उभी ऱ्हास ना मी, आबा. तुमी वर पोचनात का नही, खालतून दिसत नही. खाकरनात, तर कळस. एखादे दिन इसरतस. मंग माले जाता बी येत नही, इचारता बी येत नही. तठे उभं ऱ्हाईसन वाटे, वरबी एक बटन पाहिजे व्हतं. तुमी मालवं की माले कळतं, पोचनात.

हिंमतराव : रनाळ्याला वीज कधी यायची, कोण जाणे.

भटू : येईल, आबा. आली की पहिला दिवा आपल्या जिन्याचा.

हिंमतराव : येईल तेव्हा येईल. आजपासून मी वर पोचलो की खाकरणार नाही, पोरी. ‘पोचलो’ म्हणेन.